कलनोईतीचे हँडल घसरते तेव्हा



गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात आमच्याकडे एकाच दुखण्याचे दोन रोगी आले. पहिला आला फोनवरून. कॅनडात राहणाऱ्या आमच्या भाचीच्या मुलाकडे स्नोमोबाइल आहे, म्हणजे बर्फावर पट्ट्याने पळणारी मोटर. इथे तिला ओफनोआ-शेलेग म्हणतात. उभे राहून चालवता यावी म्हणून त्याने हँडलाखाली उंची वाढवणारे ठोकळे बसवून घेतले होते. आता गाडी खड्ड्यात आपटली की हँडल पुढे कलते, अशी त्याची तक्रार.

दुसरा रोगी दारातून आला. आमच्या शिकूनमधले एक शेजारी, वयाने आमच्याहून थोर, संध्याकाळी अंधार पडल्यावर आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, जरा माझी कलनोईत बघता का? पण मुलांना कळू देऊ नका. कळले की उद्याच विकून टाकतील."

खांदा दुखतो म्हणून त्यांनीही एका वर्कशॉपमध्ये हँडलाखाली तसलाच ठोकळा बसवून घेतला होता. आता हँडलावर भार पडला की ते मांडीकडे झुकत होते. गेले दोन महिने ते तसेच चालवत होते. सिनेगॉगला त्यावरच, कुपत होलीमला त्यावरच, बाजारालाही त्यावरच. आम्ही हँडल धरून नुसते दाबले, तर ते बोटभर खाली आले. रस्ता ओलांडताना असे झाले असते तर काय, या विचाराने आमच्याच पोटात गोळा आला.

आम्ही मेकॅनिक नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात आमचे आयुष्य गेले. पण हे दुखणे विज्ञानाच्या पहिल्या धड्यातले आहे आणि आपल्या वयाच्या पुष्कळ जणांच्या गाडीला ते होऊ शकते. म्हणून ते काय असते, का होते आणि त्यावर काय करावे, हे सविस्तर सांगावेसे वाटते. ज्यांना स्वतः पाना धरवत नाही त्यांनीही वाचावे. दुसऱ्याकडून काम करून घेताना ते नीट होते आहे की नाही, हे तरी कळेल.

पकड कशाने धरते?

हँडलाची नळी आणि तिला धरणारी पकड यांच्यामध्ये बहुधा खिळा नसतो, दातही नसतात. पकडीचे दोन अर्धे भाग असतात, वरचा आणि खालचा. मध्ये नळी ठेवून ते बोल्टने आवळतात. नळी जागच्या जागी राहते ती फक्त घर्षणाने. घर्षण दोनच गोष्टींवर अवलंबून असते: भाग एकमेकांवर किती दाबले गेले आहेत, आणि पृष्ठभाग कसे आहेत.

आता थोडे गणित करू. हँडलाची नळी पुष्कळदा सुमारे २२ मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे तिची त्रिज्या ११ मिलिमीटर, साधारण एक सेंटिमीटर. आपला हात मूठ धरतो ती जागा पकडीपासून ११ सेंटिमीटर दूर आहे असे धरा. म्हणजे हाताची तरफ पकडीच्या तरफेपेक्षा दहापट लांब झाली. आपण १० किलोचा भार टाकला तर तो थोपवायला पकडीला १०० किलोचे घर्षण द्यावे लागते.

आता खाली ११ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा घाला. ठोकळ्याला दोन पकडी असतात. वरची हँडलाला धरते आणि खालची गाडीच्या दांड्याला. वरच्या पकडीचे काम पूर्वीइतकेच राहते, पण खालच्या पकडीपासून हात आता २२ सेंटिमीटर दूर गेला. त्याच १० किलोंसाठी तिला २०० किलोचे घर्षण द्यावे लागते. ठोकळा बसवल्यावर हँडल घसरू लागते ते याच कारणाने, आणि बहुतेक वेळा खालची पकडच आधी हार मानते. भाचीच्या मुलाचे आणि शेजाऱ्यांचे दुखणे एकच कसे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. तो बर्फात उभा राहून हँडल ओढतो. आमचे शेजारी का ओढत होते, ते पुढे सांगतो.

आधी ओळखा: कोणता सांधा घसरतो?

औषध देण्याआधी रोग ओळखावा. कलनोईतीत हँडल हलण्याच्या तीन जागा असू शकतात. पहिली, हँडलाची नळी आणि तिची पकड. दुसरी, ठोकळ्याची खालची पकड. तिसरी, सुकाणूचा दांडा पुढेमागे कलता करण्याचा सांधा, जिथे एक कळ किंवा फिरकी असते. सगळ्याच नमुन्यांत तिन्ही असतात असे नाही.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. घरातल्या बाईमाणसाकडून नखांचा रंग मागून घ्यावा. प्रत्येक सांध्यावर दोन्ही भागांवरून जाणारी एक बारीक सरळ रेघ ओढावी. रंग सुकू द्यावा. मग किल्ली काढून, गाडी उभी असताना, हँडल बेताने दाबावे आणि ओढावे. जिथली रेघ तुटली आणि तिचे दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकले, तोच सांधा गुन्हेगार. ज्याची रेघ अखंड आहे त्याला हात लावू नये.

कलता करण्याच्या सांध्याचीच रेघ तुटली तर पुढचे वाचून काम करायला बसू नका. तिथे खाच, दट्ट्या किंवा स्प्रिंग असते. झिजलेला भाग बदलावाच लागतो, आणि ते तेखनाईचे काम.

करकर आणि तेल

शेजाऱ्यांची खालची पकड उघडली तेव्हा आमच्या बोटांना तेल लागले. विचारले तेव्हा समजले की दोन महिन्यांपूर्वी हँडलातून करकर आवाज येत होता, म्हणून त्यांनी शिवणयंत्राचे तेल सोडले. आवाज बंद झाला. त्यांना वाटले, काम झाले.

ती करकर म्हणजे हँडलाने मारलेली हाक होती. पकड थोडी थोडी सुटते आणि परत धरते, तेव्हा असा आवाज येतो. तेलाने हाक बंद झाली आणि घसरण वाढली. आपण बेने इस्राएल तर शनिवार तेल्यांचे वंशज. कोकणात घाणे चालवून आपल्या पूर्वजांनी पोट भरले. तेलाची महती आपल्याला कोणी सांगायला नको. पण जे फिरायचे त्याला तेल द्यावे, जे फिरू नये त्याला कधी देऊ नये. चाकाच्या आसाला तेल हे औषध, पकडीला तेच विष. गाडी चकचकीत दिसावी म्हणून फवारायची पॉलिशेही त्याच जातीची. घरी मेतापेलेत असेल आणि ती प्रेमाने गाडी पुसत असेल, तर तिलाही हे सांगून ठेवा.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

दुसरा दोष दिसला तो बोल्टांचा. पकडीला चार बोल्ट होते, दोन पुढे, दोन मागे. वर्कशॉपमधल्या माणसाने मागचे दोन आधी पुरते आवळले होते आणि मग पुढचे. त्यामुळे मागच्या बाजूला पकडीचे दोन्ही भाग एकमेकांना टेकले होते आणि पुढच्या बाजूला मोठी फट होती. भाग एकमेकांना टेकले की बोल्टचा सगळा जोर त्यांनाच दाबण्यात जातो आणि नळीवरचा दाब वाढत नाही. पाना फिरत नाही म्हणून आपल्याला वाटते की घट्ट झाले. बोल्ट घट्टच असतो, पण त्याने नळी धरलेली नसते.

म्हणून साधारण नियम असा: दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. काही पकडी मुद्दाम एका बाजूला पूर्ण मिटणाऱ्या बनवतात आणि तसे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. तिथे पुस्तकाचे ऐकावे.

आणि जोर किती लावायचा? तोही पुस्तकात दिलेला असतो, न्यूटन-मीटर या मापात. हे माप समजायला अवघड नाही. १० न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर. लहान बोल्टला इतकाही जोर पुष्कळदा जास्त होतो. नेमका जोर लावण्यासाठी खास पाना मिळतो, मफ्तेआख मोमेंट. सायकलच्या दुकानात तो असतो, आणि दुकानदार ओळखीचा असेल तर शेवटचे आवळणे त्याच्याकडून करून घ्यावे. ॲल्युमिनियमच्या पकडीत अंदाजाने जोर लावला तर आटे उपटून येतात आणि मग सगळा ठोकळाच बदलावा लागतो.

कामाची रीत

हे काम एकट्याने करू नये. एकाने हँडल धरावे, दुसऱ्याने पाना. आम्ही हँडल धरले आणि पाना आमच्या नातवाच्या हाती दिला.

१. गाडी सपाट जागी उभी करावी. किल्ली काढून खिशात घालावी. गाडी ढकलण्यासाठी मोटर मोकळी करणारी कळ असते. ती मोकळ्या स्थितीत नाही ना, हे पाहावे. उघडण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत.

२. बोल्ट एकदम न काढता प्रत्येक थोडा थोडा सैल करावा. वरचा भाग निघाल्यावर हँडल तारांवर लोंबकळू देऊ नये. त्या तारांतूनच गाडीला चालण्याची आणि थांबण्याची आज्ञा जाते.

३. नळी, पकडीचा आतला भाग आणि बोल्ट स्वच्छ पुसावेत. बेत मर्काखतमध्ये मिळणारे अल्कोहोल आणि जुने सुती कापड पुरे. कापड काळे यायचे थांबेपर्यंत पुसावे, मग पूर्ण वाळू द्यावे. जवळ सिगारेट नको, खिडकी उघडी हवी.

४. चष्मा लावून नीट पाहावे. पकडीला केसासारखी जरी चीर दिसली तरी ती पकड बाद. नळी दबून लांबट झाली असेल तर तीही बाद. बोल्टचे आटे झिजले असतील तर बोल्ट बदलावा. नवा बोल्ट त्याच जाडीचा, त्याच लांबीचा आणि त्याच मजबुतीचा हवा. मजबुतीचा आकडा, जसे ८.८, बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. जास्त लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो आणि मग आवळत नाही.

५. नळी घसरून घसरून गुळगुळीत झाली असेल तर काचकागद घ्यावा. इथेही त्याला नियार झखुखीत, म्हणजे काचेचा कागदच म्हणतात. पकडीखाली येणाऱ्या भागावरच तो हलक्या हाताने, नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवावा. ओरखडे लांबीच्या दिशेने असले की नळीला गोल फिरणे जड जाते. क्रोमचा मुलामा असेल तर मात्र तो खरवडू नये, फक्त पुसावा. पकडीच्या आतही घासू नये, घासले तर भोक मोठे होते. सायकलच्या दुकानात बारीक कण असलेली एक पेस्ट मिळते, नळी घसरू नये म्हणूनच ती बनवतात. तिचा पातळ थर दिला तर फार उपयोग होतो.

६. पकड परत बसवून चारही बोल्ट आधी बोटांनी फिरवावेत. मग पाना घेऊन तिरपे जावे: पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा. प्रत्येकाला एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. मध्ये मध्ये दोन्ही बाजूंची फट पाहावी. पुठ्ठ्याचा तुकडा दोन्हीकडे सारखाच सरकतो की नाही, यावरून कळते. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांवर निळ्या रंगाच्या बोल्ट-गोंदाचा एक थेंब द्यावा, आणि तो एक दिवस सुकू द्यावा. लाल रंगाचा घेऊ नये, तो पुढे उघडताना छळतो. गोंद लावणार असाल तर आवळण्याचा जोर किती ठेवायचा, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. गोंदाने आटे थोडे निसरडे होतात आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त आवळला जातो.

७. नवी रेघ ओढावी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. कोणतीही तार ताणली जाता कामा नये. ठोकळ्याने हँडल वर गेले की तारा आखूड पडतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मग अंगणात पायी चालण्याच्या वेगाने एक फेरी. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने रेघ परत पाहावी.

काय करू नये

पकडीत रबराचा तुकडा घालू नये. रबर दबत राहते आणि हँडल पुन्हा हलू लागते. नळीला आरपार भोक पाडून खिळा ठोकू नये, नळी तिथेच मोडते. वेल्डिंग करू नये. उष्णतेने धातू कमजोर होतो आणि गाडीतल्या विजेच्या भागांनाही धोका पोहोचतो. पान्याला पाइप लावून जोर वाढवू नये. आणि भोक मोठे, नळी बारीक अशी जोडी असेल तर पत्रा घालून भागवण्यापेक्षा योग्य मापाची पकड आणावी.

गाडी अजून अहरायूतमध्ये, म्हणजे हमीच्या मुदतीत असेल तर आधी विक्रेत्याला फोन करावा. यद सारामधून उसनी आणलेली वस्तू स्वतः उघडू नये, त्यांच्याकडेच न्यावी. ब्रेकची कळ, वेगाची कळ किंवा तारा यांत काही बिघाड दिसला तर तेखनाईलाच बोलवावे. कलनोईतीचा वेग ताशी १२ किलोमीटरपर्यंतच असतो हे खरे, पण आपल्या वयाला माकडहाड मोडायला तेवढाही लागत नाही.

ज्यांच्याकडे चाकांचा हालिकोन आहे त्यांनीही एक पाहावे. त्याच्या मुठींची उंची नळीत नळी सरकवून ठरते. खिळा भोकात पूर्ण बसला आहे आणि फिरकी घट्ट आहे, हे आठवड्यातून एकदा तपासावे. सरळ उभे राहून हात मोकळे सोडले की मूठ मनगटाच्या घडीशी यावी, ही बरोबर उंची. दोन्ही बाजू एकाच भोकात असाव्यात.

खरे कारण

आता राहिलेली गोष्ट. हँडल दुरुस्त झाले, रेघही ओढली. शेजारी खूश होऊन गाडीवरून उतरायला निघाले आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरले, अंगाचा सगळा भार त्यावर टाकला आणि हुश्श करून उठले. म्हणजे पकडीवर रोज कितीतरी वेळा १० नव्हे, ३०-४० किलोचा भार पडत असणार. तेल, उलटसुलट आवळलेले बोल्ट, उंच ठोकळा ही सगळी कारणे होतीच. पण मूळ कारण हे, की गुडघे उचलत नव्हते आणि ते काम हँडल करत होते.

आम्ही त्यांना परत बसवले. बऱ्याच कलनोइयोतची बैठक बाजूला फिरते. कळ ओढून बैठक बाजूला वळवावी, दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत आणि हात बैठकीच्या दांड्यांवर ठेवून उठावे. बसतानाही तसेच. आणि चढता-उतरताना किल्ली काढलेलीच असावी. हँडलाला लोंबकळताना बोटाखाली वेगाची कळ दाबली गेली तर गाडी आपल्याला घेऊन निघते. हँडल वळायला आहे, उठायला नाही.

तरी त्यांना त्या दांड्यांवरूनही उठणे जड जात होते. म्हणून आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले, "भाऊ, गाडी आम्ही दुरुस्त केली, गुडघे आम्हाला दुरुस्त करता येत नाहीत. मुलीला सांगा." ते रागावले. दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मग शब्बाथच्या जेवणाला मुलगी आली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले.

गाडी विकली गेली नाही. मुलीने कुपत होलीममधून व्यवसायोपचार करणाऱ्या बाईंना बोलावले. त्यांनी त्यांचे उठणे-बसणे पाहिले, बैठक उंच करून घेतली आणि गुडघ्यांना व्यायाम दिला. बैठक वर गेल्यावर हँडल आपोआपच हाताशी आले, तेव्हा तो उंच ठोकळा काढून मूळचा लहान भाग परत बसवला. खांदाही आता कमी दुखतो, असे ते सांगतात.

भाचीच्या मुलालाही आम्ही पुसणे, फट आणि तिरपे आवळणे एवढे तीन शब्द फोनवर सांगितले. त्याचेही काम झाले. तो तरुण आहे, त्याने लगेच विचारले. आपण मात्र विचारायला दोन महिने लावतो. मुले गाडी काढून घेतील, ही भीती आम्हालाही ठाऊक आहे. पण घसरते हँडल लपवून ठेवले तर गाडी जाईल ती पडल्यावर, आणि तेव्हा पडलेल्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकत नाही. आधी सांगितले तर काय दुरुस्त करायचे, हे ठरवण्यात आपलाही शब्द राहतो.

तेव्हा वाचकहो, आज किल्ली काढून एकदा हँडल दाबून पाहा. करकर आली तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि कोणाला तरी हाक मारा.